घरात भरलेली गाणी

मागच्या महिन्यात इथे सिडनीत माझा नातू कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गात होता. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं! तो म्हणाला, "आजोबा, रेकॉर्डिंग चाललंय. लोंबते कपडे आवाज शोषून घेतात, म्हणजे घुमत नाही." मग बसून त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. आपल्या वयाच्या मंडळींना आवडेल म्हणून लिहितो.

गोटिए हे नाव तुमच्या नातवंडांना ठाऊक असेल. खरं नाव वॉली डी बॅकर. जन्म बेल्जियमचा, लहानपणीच आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आला. त्याचा 'मेकिंग मिरर्स' हा २०११ चा अल्बम बराचसा मेलबर्नजवळच्या मॉर्निंग्टन द्वीपकल्पात, आईवडिलांच्या जागेतल्या कोठारात तयार झाला. अल्बमवरचं चित्र त्याच्या वडिलांच्या जुन्या चित्रावरून घेतलेलं आहे. एका गाण्यात क्वीन्सलंडमधल्या विंटन गावचं तारेचं कुंपण वाजतं. हो, कुंपणच! ते वाजवण्यासाठीच उभारलंय. २०१३ साली त्याला तीन ग्रॅमी मिळाले, आणि सामान काय, तर कोठारातलं.

दुसरा पर्थचा केव्हिन पार्कर. त्याच्या बँडचं नाव टेम इम्पाला. स्टेजवर पूर्ण बँड दिसतो, पण रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक सगळी वाद्यं हा एकटाच वाजवतो. बाराएक वर्षांचा असताना त्याने दोन टेपरेकॉर्डर घेऊन सुरुवात केली. पहिल्यावर ड्रम भरायचे. ते लावून सोबत दुसरं वाद्य वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. पुन्हा उलट. दर खेपेला खरखर थोडी वाढणार, पण एकट्याचा बँड तयार! 'करंट्स' हा २०१५ चा अल्बम त्याने फ्रीमँटलच्या घरात केला.

टेपरेकॉर्डर म्हटल्यावर मला आमची कॅसेट आठवली. आईच्या आवाजातली मेंदीची गाणी होती, मुंबईच्या घरी भरलेली. मी ती वीस वर्षं ओलसर गॅरेजमध्ये ठेवली. बुरशी लागून फीत चिकटली. चूक माझीच. तुमच्याकडे अशा कॅसेटी असतील तर चिकटलेली फीत मशीनमध्ये घालू नका, तुटते; जाणकाराला दाखवा. आणि चांगल्या असतील तर आजच मोबाइलवर उतरवून घ्या.

आई तर राहिली नाही. पण ती गाणी येणारी माझी ताई आहे, वय शहाऐंशी. नातवाने खिडकीला गोधड्या टांगल्या, पंखा आणि फ्रीज बंद केला (गुरगुर येते म्हणून), फोन तिच्या तोंडापासून वीतभर दूर, थोडा बाजूला ठेवला. समोर ठेवला तर 'प' आणि 'फ' फुटतात.

ताईने चार गाणी म्हटली. तिसऱ्यात दोन ओळी आठवल्या नाहीत, तिथे ती नुसती गुणगुणली. नातू म्हणाला, परत घेऊ. ताई म्हणाली, "नको रे, आईपण तिथे अशीच अडखळायची." मग तसंच ठेवलं. चौथ्यात बाहेरचा कूकाबरा पक्षी मोठ्याने हसलाय, तोही राहिला. फ्रीज परत चालू करायला मात्र आम्ही विसरलो.