कठीण नायट्राइड लेपांतील अवशिष्ट प्रतिबल

कठीण नायट्राइड लेप म्हणजे टायटॅनियम, क्रोमियम, ॲल्युमिनियम इत्यादी धातूंच्या नायट्राइडांचे, सामान्यतः काही मायक्रोमीटर जाडीचे थर. ड्रिल, कटर व साचे यांची झीज कमी करण्यासाठी ते दिले जातात. ड्रिलच्या टोकावर दिसणारा सोनेरी रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. बाहेरून कोणताही भार नसताना लेपात शिल्लक राहणाऱ्या प्रतिबलास अवशिष्ट प्रतिबल म्हणतात. लेप टिकणार की सोलून निघणार, हे बऱ्याच अंशी या प्रतिबलावर व लेपाच्या स्फटिक रचनेवर अवलंबून असते.

स्फटिक रचना

टायटॅनियम नायट्राइडची रचना साध्या मिठासारखी असते. धातूचे अणू फलककेंद्रित घनाकार जालकात असतात व त्यांमधील पोकळ्यांत नायट्रोजनचे अणू बसतात. जालक स्थिरांक सुमारे ०.४२४ नॅनोमीटर असतो. ॲल्युमिनियम नायट्राइड सामान्यतः षट्कोनी असते. परंतु टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडच्या लेपात ॲल्युमिनियमचे अणू घनाकार जालकातच टायटॅनियमची जागा घेतात. ॲल्युमिनियमचे प्रमाण धातूच्या अणूंपैकी सुमारे दोन-तृतीयांशांपलीकडे गेल्यास षट्कोनी रचना निर्माण होऊ लागते व कठीणपणा घटतो.

टायटॅनियम नायट्राइड निसर्गात ऑस्बोर्नाइट या दुर्मीळ खनिजाच्या रूपात आढळते. १८५२ मध्ये आजच्या उत्तर प्रदेशातील बस्तीजवळ पडलेल्या अशनीत त्याचा प्रथम शोध लागला.

प्रतिबलाची कारणे

१. वाढीच्या वेळचे प्रतिबल : भौतिक बाष्प निक्षेपणात (स्पटरिंग, आर्क) वेगवान आयन वाढत्या थरावर आदळतात. त्यामुळे काही अणू जालकात दाटीने घुसतात. थर पसरू पाहतो, पण खालचे पोलाद त्यास धरून ठेवते. परिणामी दाबाचे प्रतिबल निर्माण होते. ते अनेक गिगापास्कलपर्यंत जाऊ शकते.

२. ऊष्मीय प्रतिबल : लेप व आधारद्रव्य यांचे प्रसरण गुणांक भिन्न असल्याने थंड होताना हे उद्भवते. टायटॅनियम नायट्राइडचा गुणांक दर केल्व्हिनला सुमारे ९.४ × १०⁻⁶ आहे. पोलादाचा त्याहून अधिक असल्याने पोलादावरील लेप दाबला जातो. टंगस्टन कार्बाइडच्या हत्यारांचा गुणांक कमी असल्याने त्यांवरील लेप ताणला जातो. म्हणूनच सुमारे १००० अंश सेल्सिअसला रासायनिक बाष्प निक्षेपणाने कार्बाइडवर दिलेल्या लेपांत थंड होताना सूक्ष्म तडे पडतात.

मापन

क्ष-किरण विवर्तनाने स्फटिक प्रतलांमधील अंतर मोजतात. नमुना निरनिराळ्या कोनांत कलता करून ते अंतर कसे बदलते, यावरून विकृती व तिच्यावरून प्रतिबल काढले जाते. दुसऱ्या पद्धतीत लेपामुळे पातळ पट्टीस आलेला बाक मोजतात; यासाठीचे सूत्र स्टोनी यांनी १९०९ मध्ये मांडले. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत स्फटिककणांच्या दिशाविन्यासाच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय सुविधा आहे.

परिणाम

मर्यादित दाबाचे प्रतिबल उपकारक ठरते, कारण ते तडे उघडू देत नाही. मात्र लेपात साठलेली ऊर्जा प्रतिबलाच्या वर्गाच्या व जाडीच्या प्रमाणात वाढते. ती चिकटपणाच्या मर्यादेपलीकडे गेली की लेप कडेपासून उचकटतो. जाड लेप अधिक टिकाऊ असेलच असे नाही, ते यामुळेच.