धर्माचा रकाना

पाहणीचा तक्ता छापला जातो तेव्हाच निम्मी उत्तरे ठरून गेलेली असतात. माणूस नंतर येतो आणि रकान्यात मावतो किंवा मावत नाही. हे मला 1981 च्या जनगणनेत कळले. मी शिक्षक; वर्धा जिल्ह्यात देवळीकडच्या एका खेड्यात प्रगणक म्हणून घरोघर फिरत होतो.

आधीचा इतिहास सांगितला पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. 1961 ला ते 27 लाख 89 हजारांवर गेले. एवढी वाढ जन्माने होत नसते. लाखो माणसांनी, त्यांत बहुसंख्य निरक्षर, दारात आलेल्या सरकारी माणसाला तोंडाने सांगितले आणि त्याला ते लिहावे लागले. आमच्या धर्मांतराचा याहून मोठा लेखी पुरावा मला ठाऊक नाही.

पण त्या रकान्याने किंमतही वसूल केली. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असणे आवश्यक होते. 1956 ला शीख धरले गेले. बौद्ध बाहेरच राहिले. म्हणजे 'बौद्ध' लिहिले की पुढचा अनुसूचित जातीचा रकाना बंद. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या खऱ्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांचे दार लावलेलेच होते. शिवाय कायदेमंडळातील राखीव जागा अनुसूचितांच्या लोकसंख्येवर ठरतात. बौद्ध म्हणून उभे राहावे तर मोजणीतून वजा व्हावे, अशी ही रचना.

त्या खेड्यात एक म्हातारी ओसरीवर बसली होती. धर्म विचारला.

"बुद्ध लिवा, गुरुजी. मी नागपूरले गेल्ती."

आतून मुलगा आला. "माय, तू चूप राय. गुरुजी, हिंदू महार लिवा. पोराले रेल्वेत लागाचं हाय."

जनगणनेच्या चिठ्ठीवर नोकरी मिळत नाही, त्याला दाखला वेगळा लागतो, हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवे होते. सांगितले नाही. नियम एवढाच की माणूस सांगेल ते लिहायचे, आणि चिठ्ठी प्रत्येकाची स्वतंत्र. आईची बौद्ध झाली, मुलाची हिंदू. एका चुलीवर दोन धर्म.

खरी लाज मला वेगळ्याच गोष्टीची वाटली. आदल्या दिवशी मी याच वस्तीची एक ओळ न विचारताच भरली होती. आडनाव पाहिले आणि 'हिंदू' लिहून मोकळा झालो. मी स्वतः बौद्ध! दुसऱ्या संध्याकाळी परत गेलो, एकेकाला विचारले. काही चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या. एका बाईने विचारले, "काल कोणाले इचारून लिवलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

1990 ला कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. परिणाम पाहा. महाराष्ट्रात 1981 ला अनुसूचित जातींची संख्या सुमारे 44.8 लाख, म्हणजे 7.1 टक्के, 1991 ला सुमारे 87.6 लाख, 11.1 टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! माणसे तीच होती, व्याख्या बदलली. ही दोन वर्षे शेजारी ठेवून 'दलितांची लोकसंख्या फुगली' असे म्हणणारे विद्वान मी पाहिले आहेत. साक्षरतेचेही तेच. बौद्धांत शिक्षण अधिक पसरलेले. ते आत आले की अनुसूचित जातींच्या साक्षरतेचा आकडा चढतो, आणि त्या चढण्यातला काही भाग शाळेमुळे नसून व्याख्येमुळे असतो. विद्यार्थ्यांनी असे आकडे हाती घेताना आधी त्या वर्षीची व्याख्या वाचावी, मग टक्के काढावेत.

आता गावपाहणीसाठी मुलांना नेतो तेव्हा पहिल्या प्रश्नाला रकाने ठेवत नाही. "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" असे विचारायचे आणि माणसाचेच शब्द उतरवायचे. वर्गवारी नंतर. प्रश्न विचारायला पाटलाच्या ओट्यावर बसायचे नाही. तिथे वस्तीवरचा माणूस उत्तर देतो ते ओट्याला ऐकवायला. आणि नवऱ्याने बायकोचे, मुलाने आईचे उत्तर द्यायचे नाही. दोन दिवसांनी तो कागद त्याच घरात वाचून दाखवतो. चुका बहुधा तिथेच सापडतात.