सिनेमावरून गेम, गेमवरून सिनेमा

चित्रपटाच्या नावावर व्हिडिओ गेम खपवण्याची कल्पना या धंद्याइतकीच जुनी आहे. १९७५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज'ने अमेरिकेत गर्दी खेचली आणि त्याच वर्षी अटारी कंपनीने नाणे टाकून खेळायचा शार्क माशाचा गेम आणला. परवानगी घेतलेली नव्हती. म्हणून गेम 'हॉरर गेम्स' या दुसऱ्याच नावाने काढला आणि यंत्रावर 'शार्क' हा शब्द बारीक, तर 'जॉज' हा भल्यामोठ्या अक्षरांत छापला. कागदोपत्री गेम माशाचा, गिऱ्हाइकासाठी सिनेमाचा. नाव ओळखीचे असले की पुरे, ही समजूत इथपासूनच रुजली. पुढची चाळीसेक वर्षे खेळणारे ती खोटी ठरवत राहिले.

१९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी विकत घेतली आणि चित्रपट व गेम एका छत्राखाली आले. १९८२ च्या जूनमध्ये स्पीलबर्गचा 'ई.टी.' झळकला. त्यावरून गेम काढण्याचे हक्क वॉर्नरने मिळवले, त्यासाठी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. करार जुलैअखेर झाला आणि नाताळच्या बाजारात गेम हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरच्या हाती उरले जेमतेम पाच आठवडे. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत.

त्या घाईचा परिणाम खेळताना जागोजाग जाणवे. परग्रहावरून आलेल्या ई.टी.ने मैदानातल्या खड्ड्यांमधून फोनचे तीन तुकडे शोधून काढायचे, असा खेळ होता. खड्ड्यात पडल्यावर मान ताणून तरंगत वर यायचे. वर आल्यावर जॉयस्टिक किंचित हलली, की स्वारी पुन्हा खड्ड्यात. पात्राचे पाय काठाबाहेर असले, तरी डोके खड्ड्याच्या चित्राला टेकले की तो पडला, असे यंत्र धरत असे. डोळ्यांना एक दिसे आणि यंत्र दुसरेच ठरवी. मुलांना याचे तांत्रिक कारण कळत नव्हते, पण आपल्यावर अन्याय होतोय एवढे नक्की कळत होते.

सुमारे ४० लाख कार्ट्रिज तयार झाली, त्यातली १५ लाखांच्या आसपास खपली. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये अटारीने टेक्सासमधल्या एल पासोच्या गोदामातून ट्रक भरून माल न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलमोगोर्डोच्या कचरा डेपोत नेला, पुरला आणि वर काँक्रीट ओतले. पुढे याची दंतकथा झाली. २६ एप्रिल २०१४ रोजी माहितीपटासाठी तिथे खोदकाम झाले आणि खरोखरच कार्ट्रिज निघाली. फक्त त्यात 'ई.टी.'खेरीज अटारीचे इतर गेमही होते. अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार याच सुमारास कोसळला आणि खापर 'ई.टी.'वर फुटले. हे जरा अतीच. दुकाने आधीच डझनावारी कंपन्यांच्या सुमार गेमनी तुंबली होती. मात्र 'ई.टी.'ने एक गोष्ट दाखवून दिली. खेळणाऱ्यांचे मत तेव्हा कुठे छापून येत नव्हते, तरी परत आलेल्या मालाच्या ढिगात ते मोजता येत होते.

मत छापून येण्याची सोय लवकरच झाली. जपानमध्ये १९८६ मध्ये 'फामित्सू' हे गेमचे नियतकालिक निघाले. त्यात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देत. चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा पहिला गेम उजाडायला १९९८ साल यावे लागले; तो होता 'झेल्डा' मालिकेतला 'ऑकरिना ऑफ टाइम'. अमेरिकेत निंतेंदोने १९८८ मध्ये 'निंतेंदो पॉवर' हे स्वतःचे मासिक काढले. घरचेच मासिक, त्यामुळे टीकेपेक्षा नकाशे आणि युक्त्याच जास्त. पण वाचकांची पत्रे त्यात छापली जात.

उलटा प्रवास, म्हणजे गेमवरून सिनेमा, हॉलिवूडमध्ये १९९३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'पासून सुरू झाला. बॉब हॉस्किन्स आणि जॉन लेग्विझामो हे कसलेले नट. पण पडद्यावर ना गेममधली रंगीत टेकाडे होती, ना ढग. डायनोसॉरांपासून उत्क्रांत झालेल्या माणसांचे एक काळोखे शहर तेवढे होते. गेममध्ये पायाखाली चिरडले जाणारे बुटके गूम्बा इथे धिप्पाड अंगाचे आणि इवल्याशा डोक्याचे झाले होते. सुमारे पावणेपाच कोटी डॉलर खर्चलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत दोन कोटींच्या आसपास कमावले. १९९५ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'ने मात्र सलग तीन आठवडे अमेरिकेत पहिला क्रमांक राखला. रक्तपात फारच सौम्य केल्याची तक्रार झाली, पण पात्रे आणि त्यांचे डावपेच ओळखू येत होते, आणि चाहत्यांना तेवढे पुरले.

महाराष्ट्रातल्या मुलांना ही पात्रे भेटली ती सिनेमात नव्हे. नाक्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आणि टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांवर त्यांची ओळख झाली. कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत. कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' तर त्यातल्या एका पात्रावरून सरळ 'मुस्तफा' या नावानेच ओळखला जाई. कंपनीने दिलेल्या नावाची कुणाला गरजच पडली नाही.

सिनेमावरून केलेला गेमही उत्तम होऊ शकतो, हे १९९७ मध्ये इंग्लंडच्या रेअर कंपनीने सिद्ध केले. त्यांचा 'गोल्डनआय ००७' हा जेम्स बाँडचा गेम मूळ चित्रपटानंतर जवळपास दोन वर्षांनी आला, आणि उशीर झाला हेच त्याचे नशीब. चौघांनी एकत्र खेळायची सोय अगदी शेवटच्या महिन्यांत घातली गेली. तिच्यामुळेच गेमचे नाव झाले आणि ८० लाखांवर प्रती खपल्या. त्यातले ऑडजॉब हे पात्र इतके बुटके, की सरळ नेम धरला तर गोळी डोक्यावरून जाई. त्यामुळे 'ऑडजॉब घ्यायचा नाही' असा नियम मित्रमंडळींनी घरोघरी आपणच केला. समीक्षेचा हा प्रकार कुठल्या मासिकात बसणारा नव्हता.

पुढे इंटरनेटवर मतांना ऊत आला. गेमवरून चित्रपट काढणारा जर्मन दिग्दर्शक उवे बोल टीकेने इतका चिडला, की २००६ मध्ये व्हँकुव्हरला त्याने आपल्या काही टीकाकारांशी चक्क बॉक्सिंग रिंगमध्ये सामना केला. तो लढती जिंकला. चित्रपटांबद्दलचे मत काही बदलले नाही.

खरा पालट २०१९ चा. 'सॉनिक द हेजहॉग'चा ट्रेलर ३० एप्रिलला आला आणि निळ्या सॉनिकच्या तोंडातले माणसासारखे दात पाहून चाहत्यांनी गहजब केला. दोनच दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलरने रूप बदलण्याचे जाहीर केले. प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढच्या १४ फेब्रुवारीवर गेले. चाहत्यांच्या वर्तुळातूनच सॉनिकच्या चित्रकथांपर्यंत पोहोचलेल्या टायसन हेसने नवे रूप घडवले: मोठे डोळे, हातात पांढरे मोजे, दात जवळजवळ गायब. चित्रपटाने जगभर ३० कोटी डॉलरहून अधिक कमावले. ज्या व्हँकुव्हरच्या स्टुडिओत हे बदलाचे काम झाले, तो मात्र प्रदर्शनापूर्वीच, डिसेंबरमध्ये बंद पडला. चाहत्यांच्या विजयाच्या गोष्टीत हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

२०२३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही'त मारिओचे जनक शिगेरू मियामोतो स्वतः सहनिर्माते होते. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी कमाई १३० कोटी डॉलरपार गेली. २०२५ च्या 'माइनक्राफ्ट'च्या वेळी तर नट जॅक ब्लॅकच्या तोंडून 'चिकन जॉकी' हे शब्द निघताच तरुण प्रेक्षक ओरडत आणि पॉपकॉर्न उधळत. आवडत्या नायकाच्या एंट्रीला नाणी फेकणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटले नसते. अनेक चित्रपटगृहांनी ताकीद देणारे फलक लावले. ब्रिटनमधल्या 'सिनेवर्ल्ड'ने मात्र मनसोक्त गोंधळ घालता यावा म्हणून खास खेळ ठेवले आणि त्यांची तिकिटे विकली.