मामूंचा कुत्रा आणि आपला विसरलेला इतिहास

गेल्या महिन्यात सेनगावला गेलो होतो. आमचे एक मामू तिथे राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. मामी गेल्या, मुलं पुण्यात. त्यांच्या गल्लीत बहुतेक घरं अशीच आहेत. निवृत्त मास्तर, ग्रामसेवक, एसटीतले कंडक्टर. मुलं शहरात आणि घरात एक-दोन म्हातारी माणसं. मामूंच्या अंगणात एक म्हातारा गावठी कुत्रा असतो. पिल्लू असताना पावसात भिजत दाराशी आला होता, तो तिथलाच झाला.

जुम्याच्या नमाजनंतर कुणीतरी मामूंना टोकलं होतं, "मास्तर, ज्या घरात कुत्रा असतो तिथं फरिश्ते येत नाहीत. या वयात तरी विचार करा." मामूंच्या ते जिव्हारी लागलं होतं. रात्री बाजेवर बसून मला म्हणाले, "बेटा, तू इतिहासाचं लिहितोस. मला खरं काय ते सांग. याला आता कुठं सोडू? सोडला तर चार दिवसांत मरेल."

त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

आधी जे आहे ते मान्य करू. फरिश्त्यांची हदीस आहे, ती नाकारण्याचं कारण नाही. पण शिकार, गुरं आणि शेती यांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा देणाऱ्या हदीसही आहेत. पुढे अनेक फकिहांनी घराच्या राखणीलाही तीच मुभा लावली. इमाम मालिक यांच्या मते कुत्रा पाक आहे. शाफई मतानुसार तो पूर्ण नापाक. आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी, आणि हनफींच्या प्रचलित मतानुसार लाळ नापाक आहे, अंग नाही. आपले कोकणी भाऊ शाफई आहेत, त्यांचा नियम जास्त कडक. म्हणजे एका महाराष्ट्रातल्या मुसलमानांतही या बाबतीत एकच मत नाही. एकटा राहणारा सत्तरी ओलांडलेला माणूस अंगणात राखणीला कुत्रा ठेवतो, यात दीन बुडण्यासारखं काय आहे?

आता इतिहास. कुरआनातल्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या ईमानवाल्या तरुणांची गोष्ट आहे. उंबऱ्याशी पाय पसरून बसलेल्या त्यांच्या कुत्र्याचा उल्लेख तिथे आवर्जून येतो. त्यांची संख्या मोजतानाही प्रत्येक वेळी कुत्रा मोजला जातो. पैगंबरांच्या काळात मदिनेच्या मशिदीतून कुत्री ये-जा करत आणि त्यासाठी तिथे पाणी शिंपडत नसत, हे बुखारीत आहे. तहानलेल्या कुत्र्याला पायताणात पाणी काढून पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाले, हेही बुखारीतच आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाई जहन्नममध्ये गेली, ही हदीस तर आपल्याला लहानपणापासून ऐकवली जाते. सर्वाधिक हदीस सांगणारे सहाबी ज्या नावाने ओळखले जातात त्या अबू हुरैराचा अर्थच 'मांजरीच्या पिल्लाचा बाप'. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादचे इब्न अल-मर्झुबान यांनी तर कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्री कशी श्रेष्ठ, या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं.

ही रहम केवळ पुस्तकात राहिली नाही. म्हाताऱ्या, मालकांनी सोडून दिलेल्या जनावरांना मरेपर्यंत चरता यावं म्हणून दमास्कसमध्ये कुरणाचं वक्फ होतं, असं इतिहासकार नोंदवतात. उस्मानी काळात बुरसा शहरात जखमी करकोच्यांचा दवाखाना होता. आपण वक्फ म्हटलं की मशीद, कब्रस्तान आणि कोर्टातले खटले एवढंच आठवतो. कामातून गेलेल्या जनावराचीही सोय वक्फने व्हायची, हे आपण विसरलो.

आणि फार लांब कशाला जायचं? सेनगावच्या शेजारच्या हिंगोली तालुक्यात नर्सी आहे. परंपरेनुसार ते संत नामदेवांचं जन्मगाव. कुत्र्याने भाकर पळवली तेव्हा, कोरडी कशी खाशील म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहेत. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला न्यायचं कावडीतलं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. पायताणातलं पाणी आणि कावडीतलं पाणी, गोष्ट एकच आहे.

निवाऱ्यांचा आधुनिक इतिहासही महाराष्ट्रातच घडला. मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला शिपाई लावले होते आणि दर कुत्र्यामागे आठ आणे ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी पारशी लोकांनी शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. त्या बंदात पारश्यांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माईली मुसलमानही होते. दंगल लष्कर आणून मोडली, पण प्रश्न उरलाच. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. एक पारशी, एक जैन. व्यापाऱ्यांनी मालावर स्वतःहून थोडा थोडा लागा बसवून तिचा खर्च चालवला. पुढे १८८३ मध्ये परळला दिनशा पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचा दवाखाना निघाला. तो आजही चालू आहे.

उलटं उदाहरणही आपल्या घरातलंच आहे. १९१० मध्ये इस्तंबूलच्या नव्या राज्यकर्त्यांनी शहर आधुनिक दिसावं म्हणून हजारो कुत्री एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. ती तिथे भुकेने आणि तहानेने मेली. शतकानुशतकं गल्लीतल्या कुत्र्यांना तुकडा टाकणाऱ्या मुसलमान शहरात हे घडलं.

कुणी म्हणेल, कुत्री चावतात, लेकरं मरतात, त्याचं काय? बरोबर आहे. रेबीज झाला की माणूस जवळपास वाचतच नाही. पण मारून कुत्री संपत नाहीत, हे मुंबईने दीडशे वर्षं पाहिलं. म्हणून २००१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये केंद्राने नियम केले. कुत्रा पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि त्याच्या जागी परत सोडा. त्यासाठी निवारा लागतो, डॉक्टर लागतो, पैसा लागतो. मोठ्या शहरांत हे जेमतेम होतं. तालुक्याच्या गावात जो भार उचलतो तो मामूंसारखा एखादा म्हातारा, पेन्शनीतून.

मला वाटतं, सेनगावला मुंबईएवढी पांजरपोळ नको. एक पत्र्याचं शेड, पाण्याचा हौद, लसीचा खर्च. हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात पोत्यामागे एक रुपया लागा धरला तरी सुरुवात होईल. आपल्या लोकांनी त्यात सदका द्यावा. प्रत्येक जिवंत काळजाच्या सेवेत सवाब आहे, असं पैगंबरांनी कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट सांगतानाच म्हटलं होतं. आणि मामूंसारखा एखादा दवाखान्यात भरती झाला, तर त्याच्या जनावराला चार दिवस ठेवायला जागा असेल. आज ती नाही, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मामूंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. हे त्यांनी मुलांना सांगितलेलं नाही.

मामू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुत्र्याला कुठे सोडू नका. त्याची थाळी वेगळी ठेवा, नमाजची जागा पाक ठेवा आणि दर साली लस टोचा. ऑपरेशनची तारीख घ्या. ते चार दिवस मी सेनगावला येऊन राहतो. कुत्र्याला भाकर मी घालीन.