लोहाफेक्स, २००९ : समुद्रात केलेली लोहाची पेरणी

आमचे कर्जत म्हणजे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातले, पर्जन्यछायेतले, रब्बी ज्वारीचे कर्जत. २००३ साली राज्य सरकारने ढगांत रसायने फवारून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला होता. दुष्काळी भागात त्याची चर्चा अजून निघते. आजचा थ्रेड अशाच एका पेरणीचा आहे. मात्र ती आकाशात नव्हे, समुद्रात झाली.

आधी समुद्राचा व्यवहार समजून घेऊ. पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म वनस्पती (वनस्पतिप्लवके) पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. मेल्यावर त्यांचे पुंजके होतात. काही प्राण्यांच्या विष्ठेच्या कणांतून खाली जातात. या अखंड भुरभुरीला ‘सागरी हिम’ म्हणतात. बहुतेक कण जिवाणू आणि प्राणी वाटेतच फस्त करतात व कार्बन पुन्हा पाण्यात मिसळतो. हजार मीटरखाली पोहोचते ते थोडेच. पण तो कार्बन शतकानुशतके वर येत नाही.

दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक असूनही प्लवके विरळ का? लोहाच्या अभावामुळे, असे प्रतिपादन अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाअखेरीस केले. मग लोह टाकावे आणि कार्बन तळाशी धाडावा, ही कल्पना ओघानेच आली. काही कंपन्यांना त्यात धंदाही दिसला. मे २००८ मध्ये बॉन येथील जैवविविधता परिषदेने, किनाऱ्यालगतचे छोटे संशोधन वगळता, अशा प्रयोगांना थांबण्यास सांगितले.

या पार्श्वभूमीवर ७ जानेवारी २००९ रोजी ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधनजहाज केप टाउनहून निघाले. मोहीम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेची. नेतृत्व वाजिह नक्वी आणि भारतातच जन्मलेले व्हिक्टर स्मेटाचेक यांचे. शास्त्रज्ञांत निम्म्याहून अधिक भारतीय. ‘लोहाफेक्स’ या नावातला ‘लोहा’ आपलाच.

जहाज वाटेत असतानाच पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली. जर्मनीचे पर्यावरण मंत्रालय प्रयोगाच्या विरोधात गेले, संशोधन मंत्रालयाने लोह टाकणे थांबवले, तज्ज्ञांची मते मागवली आणि २६ जानेवारीला परवानगी दिली. एका सरकारातली दोन मंत्रालये समोरासमोर, आणि शास्त्रज्ञ भर समुद्रात ताटकळत! विरोध करणारे अडाणी नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. समुद्र कोणा एकाचा नाही, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता.

दक्षिण अटलांटिकमधील एका भोवऱ्यात, सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर, सहा टन विरघळलेले लोह सोडले गेले. दोन आठवड्यांत प्लवके जवळपास दुप्पट झाली. मग वाढ खुंटली.

ज्वारीला दाणा भरल्यावर पाखरे राखणारा नसेल तर काय होते, हे आमच्याकडे कोणालाही विचारावे. इथे पाखरांच्या जागी कोपेपॉड होते, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे कवचधारी प्राणी. त्यांनी पीक फस्त केले, आणि त्यांना अॅम्फिपॉड नावाच्या मोठ्या प्राण्यांनी खाल्ले. खोल समुद्रात कार्बन गेला तो अत्यल्प.

मूळ उणीव सिलिकाची होती. डायटम या प्लवकांना सिलिकाचे कवच असते. ते खाणाऱ्याला जड जाते आणि बुडतानाही उपयोगी पडते. त्या पाण्यातला सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवला होता. याउलट २००४च्या ‘आयफेक्स’ मोहिमेत डायटम बहरले होते. त्या बहरातील निम्म्याहून अधिक जैवभार हजार मीटरखाली गेला, असे स्मेटाचेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘नेचर’मध्ये मांडले.

२०१३ साली लंडन प्रोटोकॉलच्या सदस्य देशांनी अशा पेरणीवर नियंत्रण आणणारी दुरुस्ती स्वीकारली. त्यात धंद्याला मज्जाव आहे. संशोधनाला तपासणीनंतर वाट मोकळी आहे.