हत्यार हातातून सुटलं कधी?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये लेथवर जॉब केला होता. हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट आवळायचं, हँडल फिरवायची, जर्नलवर सही घ्यायची. तेवढ्या भांडवलावर मी गच्चीवरच्या खोलीत लाकडाचा छोटा लेथ आणून ठेवला. पहिल्याच दिवशी कळलं, इथे टूलपोस्ट नाहीच! एक आडवी लोखंडी टेकण, तिच्यावर छिन्नी टेकवून हातानेच धरायची. कोन जरा चुकला की धार लाकडात रुतते. माझ्या पहिल्या वाडग्याचे दोन तुकडे झाले, त्यातला एक कानाजवळून गेला. आता चेहऱ्यावर शील्ड लावल्याशिवाय बटण दाबत नाही.

तेव्हापासून डोक्यात हा प्रश्न आहे. हत्यार माणसाच्या हातातून सुटलं कधी?

इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इ.स.पू. ३०० च्या आसपासचं, लेथचं चित्र कोरलेलं आहे. एक जण दोरी ओढून लाकूड फिरवतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. आपल्याकडचे कातारीही जमिनीवर बसून असंच काम करत, धनुकलीने लाकूड फिरवून. ('कातीव' नाक आपण ज्याला म्हणतो, तो शब्द या लोकांचा बरं का!) युरोपात पायाने पट्टी दाबायची आणि वरची लवचिक काठी दोरी परत खेचायची. लाकूड पुढेमागे फिरायचं, म्हणजे निम्मा वेळ कापणं बंद.

आणि हा छंद माझ्यासारख्या आयटीवाल्यांनी काढलेला नाही, तो राजेरजवाड्यांचा. १७०१ मध्ये शार्ल प्लुमिए या फ्रेंच साधूने कातकामावर जाडजूड सचित्र ग्रंथ छापला. हा माणूस वनस्पतीशास्त्रज्ञही होता. देवळासमोरच्या पांढऱ्या चाफ्याचं शास्त्रीय नाव, प्लुमेरिया, त्याच्यावरूनच आलंय.

रशियाचा झार पीटर (हो, तोच पीटर द ग्रेट) तर स्वतः लाकूड आणि हस्तिदंत कातायचा. त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव हा कारागीर होता. त्याने नक्षीची नक्कल करणारे लेथ बनवले. त्यात हत्यार यंत्रानेच धरलेलं असे आणि नमुन्याच्या मागोमाग सरके. त्याचा एक लेथ पॅरिसच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे. म्हणजे माझ्या प्रश्नाचं एक उत्तर छंदिष्ट राजाच्या खोलीत सापडतं. गंमत आहे!

कारखान्यात मात्र ही गोष्ट रुळवली लंडनच्या हेन्री मॉड्स्लेने. १८०० च्या सुमारास त्याने सरकता टूलपोस्ट, लीडस्क्रू आणि बदलते गिअर एकत्र आणले. त्याआधी बोल्ट ज्याचा त्यालाच बसायचा. दुसऱ्याचा नट लावून बघा! आता एकच आटा पुन्हापुन्हा तसाच काढता यायला लागला. कॉलेजातला माझा लेथ त्याच घराण्यातला.

गच्चीवरचा मात्र पेटोसिरिसच्या बाजूचा. फक्त दोरी ओढणाऱ्याच्या जागी मोटर आली.

सध्या वाडगी बंद, लाटणी चालू आहेत. मागच्या रविवारी एक आईला दिलं. तिने दोन पोळ्या लाटल्या, लाटणं डोळ्यासमोर आडवं धरून बघितलं आणि म्हणाली, "अरे, एका बाजूला जाड आहे."