सवाई गंधर्व महोत्सव : पुण्यतिथी, नाव आणि रात्रीची मैफल

गुरूच्या पुण्यतिथीला शिष्यांनी एकत्र जमून गानसेवा करावी, हा हिंदुस्थानी संगीतातील जुना प्रघात असून त्यालाच 'बरसी' असेही म्हणतात. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे मूळ याच प्रघातात आहे. अब्दुल करीम खाँ यांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर १२ सप्टेंबर १९५२ रोजी निवर्तले आणि १९५३ मध्ये त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या विद्यमाने त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरवली.

सभेला नाव देताना मंडळाने रामभाऊंच्या मूळ नावाऐवजी 'सवाई गंधर्व', म्हणजे गंधर्वांहून सव्वापट, ही त्यांना नाट्यसृष्टीत मिळालेली पदवी निवडली, आणि ही निवड फार समर्पक होती. कारण शास्त्रीय संगीताच्या मैफलीपर्यंत न पोहोचलेला श्रोताही त्या पदवीला रंगभूमीमुळे ओळखत होता. पुण्यतिथी सप्टेंबरात येते, महोत्सव मात्र डिसेंबरात भरतो, आणि हजारोंचा समुदाय मैदानावरील मांडवात बसवायचा असल्यास भर पावसाळ्यापेक्षा हिवाळाच सोयीचा, हे उघड आहे.

आयोजनाचा खरा कस लागे तो कलाकारांचा क्रम लावताना. तरुणांना आधी आणि बुजुर्गांना शेवटी बसवायचे, हा मैफलीचा शिरस्ता, शिवाय ज्या रागाचा जो प्रहर, म्हणजे दिवसरात्रीच्या आठ भागांपैकी जो भाग, त्यात तो गायला जावा ही अपेक्षा; या दोहोंचा मेळ घालण्यास रात्रभर चालणारी बैठक हा उत्तम मार्ग होता, कारण संध्याकाळच्या पूरियापासून मध्यरात्रीच्या मालकंसापर्यंत आणि तेथून पहाटेच्या ललतापर्यंत सारे राग तिच्यात आपापल्या वेळी येत. महोत्सवाचा समारोप पुष्कळ वर्षे स्वतः भीमसेन करीत असत. पुढे ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली, आणि वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची त्यांत तरतूद असली, तरी रात्रभराची बैठक संपली व उत्तररात्रीचे राग आपल्या प्रहराला मुकले. शहराला शांतता हवी हे मान्य करूनही ही हानी मोठी मानावी लागते.

भीमसेनांनी हयातभर गुरूचेच नाव पुढे ठेवले. २४ जानेवारी २०११ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर मंडळाने महोत्सवाचे नामकरण 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' असे केले, आणि त्यातही गुरूचे नाव आधी व शिष्याचे नंतर हा क्रम कायम राखला.